रांगेत उभा राहिलेला फ्रेमवाला

त्याच्याकडे पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते त्याच्या भुवईवरच्या चिकटपट्टीमुळे. आमच्या शाळेच्या वाचनालयात एक मोठा नकाशा टांगायचा होता. भर दुपारी तो फ्रेम केलेला नकाशा खांद्यावर घेऊन आला. पुढे सरकवलेल्या स्टुलाकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. नुसता हात वर करून खिळा ठोकला, नकाशा अडकवला आणि दोन पावलं मागे सरून मान तिरकी करून पाहत राहिला. नकाशा सरळच होता, तरी तो पाहतच राहिला. डाव्या भुवईवर बोटभर लांबीची पट्टी होती.

"पडलात की काय कुठे?" मी विचारलं.

त्याचा हात भुवईकडे गेला. पट्टीचं टोक त्यानं नखानं उचललं आणि सावकाश ओढून काढलं. खाली काहीच नव्हतं. जखम नाही, ओरखडासुद्धा नाही.

"काढायची राहिली," तो म्हणाला. पट्टीची गोळी करून त्यानं खिशात टाकली आणि पाण्याचा पेला पुढे केला होता तो न घेताच जिना उतरून गेला.

त्या पट्टीची हकिगत कळायला पुढे वर्ष उलटलं. थोडी त्याच्याकडून कळली, जास्त त्याच्या बायकोकडून.

औषधांचं दुकान आणि एका इमारतीचा जिना यांच्या मधल्या बोळवजा जागेत त्याचं दुकान होतं. एका भिंतीवर फ्रेमच्या पट्ट्यांचे कापलेले कोपरे नमुन्याला लावलेले, दुसऱ्या भिंतीला काचा उभ्या टेकवलेल्या आणि डोक्यावर लाकडी माळा. माळा त्याच्या उंचीचा विचार न करता बांधलेला, त्यामुळे दिवसभर मान वाकवून काम. दुकानातून बाहेर आला की आधी मान सरळ करायचा आणि मग जगाकडे पाहायचा. सगळी गल्ली त्याला 'शिडी' म्हणे, पण त्यात हेटाळणी नव्हती. कुणाच्या घरी दिवा बदलायचा असो की माळ्यावरची ट्रंक काढायची असो, "शिडीला हाक मार रे" म्हटलं की काम झालं. घरी बायको आणि तो, दोघंच. पुढच्या खोलीत बायको पाळणाघर चालवायची, त्यामुळे घरात मूल नाही असं कधी वाटलंच नाही. संध्याकाळी आईबाप येऊन आपापली पोरं घेऊन गेले की मात्र वाटायचं.

त्या दिवशी सकाळी तो काच कापायला बसणार, तोच एक हवालदार दारात येऊन उभा राहिला आणि त्याला खालून वर न्याहाळू लागला.

"उंची किती तुमची?"

"का? कमी करायचा हुकूम आलाय?"

"चला जरा माझ्याबरोबर. तासाभराचं काम आहे."

"अहो, पण मी केलंय काय?"

"काही केलं नाही म्हणूनच तर पाहिजे आहात," हवालदार म्हणाला. "केलंय तो आहे आमच्याकडे. त्याच्याबरोबर रांगेत उभं राहायला तुमच्यासारखी माणसं लागतात. ओळख परेड. कायदाच आहे तसा. सकाळपासून उंच माणसं शोधत हिंडतोय, सगळं गाव बुटकं निघालं हो!"

त्यानं खूप आढेवेढे घेतले. दोन फ्रेमा संध्याकाळी द्यायच्या आहेत, दुपारी शाळेत नकाशा टांगायचा आहे, दुकानात दुसरं कुणी नाही. हवालदार प्रत्येक कारणाला मान हलवत होता आणि जागचा हलत नव्हता. शेवटी शटर ओढून तो निघाला. नसती आफत, असं मनातल्या मनात म्हणत.

एका जुन्या कचेरीच्या मागच्या खोलीत त्यांना बसवलं. एक न्हावी, एक कुरिअरवाला, एका बँकेचा वॉचमन, एक शिकवणीचा मास्तर आणि आणखी दोघंतिघं. सगळे उंच, सगळे काटकुळे. न्हावी बडबड्या होता.

"आपल्यापैकी कुणी खरा असला तर आताच सांगून टाका बाबांनो. दोन गिऱ्हाइकं साबण लावून बसवून आलोय."

सगळे हसले. मग एक शिपाई चिकटपट्ट्यांचं रीळ घेऊन आला आणि प्रत्येकाच्या डाव्या भुवईवर एकेक पट्टी लावत गेला. आरोपीच्या भुवईवर टाक्यांचा व्रण होता. तो एकट्याचा उठून दिसू नये म्हणून सगळ्यांच्या भुवया झाकायच्या होत्या.

"आता कसे एका आईची लेकरं दिसतो," न्हावी म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही, कारण दार उघडून आरोपीला आत आणलं होतं आणि तो खरंच त्यांच्यासारखाच दिसत होता. कुठे उभं राहायचं ते त्यानं स्वतः निवडलं. फ्रेमवाल्यापासून दोन माणसं सोडून.

परेड घेणारे साहेब पोलिसांतले नव्हते, कोर्टाचे होते. बारीक आवाजाचे, चष्मा कपाळावर सरकवलेले. त्यांनी पोलिसांना बाहेर घालवलं आणि रांगेला बजावलं, "समोर बघा. बोलू नका. खूण करू नका. साक्षीदार रांगेपुढून जातील आणि ओळख पटली तर त्या माणसाला हात लावतील. लावला तर घाबरायचं कारण नाही."

खोलीच्या भिंती खांद्यापर्यंत हिरव्या आणि वर पांढऱ्या होत्या. साक्षीदार आत आली.

सत्तरीच्या पुढची बाई. पायात मोजे आणि रबरी चपला, हातात रुमाल. फ्रेमवाल्यानं तिला दारातच ओळखलं.

ती त्याच्या दुकानात आलेली होती. मुठीत एक ओळखपत्र घेऊन. वाहनतळावर गाड्या लावून घेणाऱ्या कुणा तरुणाचं ओळखपत्र, कोपऱ्यात नखाएवढा फोटो. "हा मोठा करून फ्रेम करायचाय. पण मी हा ठेवून जाणार नाही. एवढा एकच आहे." शेजारच्या स्टुडिओत नेऊन तो फोटो त्यानंच मोठा करून आणला होता आणि फ्रेम तयार होईपर्यंत बाई त्याच्या समोरच्या स्टुलावर बसून होती. दुसरीकडे पाहायला काही नव्हतंच. दुपारभर ती त्याच्याचकडे पाहत होती. मुलाला लोखंडी गजानं मारलं, गाडी लावण्यावरून, ती डबा घेऊन गेली होती तेव्हाच, तिच्या समोर, हे तिनं सपाट आवाजात सांगितलं होतं. ऐकता ऐकता त्यानं कोपरे दोनदा घासले होते.

म्हणजे त्या मुलाचा हा खटला. आणि दोन माणसं पलीकडे उभा आहे तो...

एवढा विचार पुरा होतोय तोवर बाई रांगेपुढून चालू लागली. एकदा गेली, परत फिरली. प्रत्येकासमोर थांबून वर पाहत होती. सगळे उंच, त्यामुळे तिची मान दुखत असावी. ती त्याच्यासमोर आली. सांगून टाकावं का, की ही मला ओळखते? पण बोलू नका म्हणालेत. खूण करू नका म्हणालेत. तो गप्प उभा राहिला. आणि तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं तेव्हा त्याची मान, वर्षानुवर्षं दारात येणाऱ्या प्रत्येक माणसासाठी वाकत आलेली मान, आपोआप किंचित खाली झाली. या मावशी, म्हणताना होते तेवढी. ओठसुद्धा थोडे हलले असतील.

बाईनं हात उचलला आणि त्याच्या छातीवर ठेवला.

"ह्याला पाहिलंय मी," ती म्हणाली. "हा चेहरा मी विसरणार नाही."

साहेबांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. पलीकडे उभ्या असलेल्यानं नाकानं श्वास सोडला. उशिरा का होईना, बस आली की माणूस सोडतो तसा. बाईला बाहेर नेलं. जाताना ती एकदा मागे वळली. तिला वाटलं होतं की आता कुणीतरी त्याला बेड्या घालेल. कुणीच हलत नाही असं पाहून तिचा चेहरा कसा झाला, ते त्यानं पाहिलं.

बाहेर हवालदार पानटपरीशी उभा होता. "झालं सगळं मुसळ केरात," तो म्हणाला. "एकटी तीच साक्षीदार. बाकी त्या वेळी तिथं असणाऱ्या सगळ्यांनी कानावर हात ठेवले. आता सुटतोय बघा तो. तुमचा काही दोष नाही म्हणा, तुम्ही आपले उभे राहिलात."

तिथून तो शाळेत गेला. भुवईवर पट्टी तशीच.

बायकोला त्यानं त्याच दिवशी सांगितलं. पोरं गेलेली होती, ती फरशीवर सांडलेलं दूध पुसत होती.

"तुम्ही हसलात तिच्याकडे बघून?"

"हसलो नाही गं. दुकानात कुणी आलं की होतं ना, तसं झालं."

"तेच ते. दुकान नव्हतं ते." ती पुसत राहिली. मग म्हणाली, "कुणाला सांगितलंत?"

"अजून नाही. उद्या जाऊन सांगावं म्हणतोय साहेबांना."

"काही गरज नाही. तुम्हाला बोलावलं, तुम्ही गेलात, उभं राहिलात, झालं कर्तव्य. त्या माणसाला भाऊ असतील, मित्र असतील. उद्या ते इथं दारात येऊन उभे राहिले तर एक आई आपलं पोर ठेवेल का माझ्याकडे? तुमचं काय, तुम्ही मान खाली घालून फ्रेमा करत बसाल."

तिचं बोलणं खोटं नव्हतं, आणि ती वाईट बाई नव्हती. दुसऱ्यांच्या पोरांची शी-शू काढून तिनं ते पाळणाघर उभं केलं होतं. तो आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिला. मग जाऊ म्हणणंही बंद केलं. काम करताना त्याचा हात छातीकडे जायचा, शर्टाचं बटण चाचपल्यासारखा. बायको ते पाहायची.

असा महिना सव्वा महिना गेला असेल. एक दिवस चाळिशीची एक बाई दुकानात आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम तिनं टेबलावर ठेवली. "काच तडकलीय. बदलून द्याल? तुमच्याच दुकानाचा शिक्का आहे मागे."

त्यानं कागद सोडवला. वाहनतळावरचा मुलगा तडकलेल्या काचेमागून पाहत होता.

"पडली का?"

"आईनं आपटली. म्हणजे मुद्दाम नाही. भिंतीकडे तोंड करून ठेवायला गेली आणि हातातून सुटली." बाई स्टुलावर टेकली. कुणीतरी विचारायचीच वाट पाहत असल्यासारखी बोलत सुटली. "माझा भाऊ हा. आईला ओळखायला नेलं होतं ना, तर तिनं भलत्याच माणसाला हात लावला. ते कळल्यापासून तिनं अंथरूण धरलंय. म्हणते, मला त्याला तोंड दाखवायची लाज वाटते. स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वासच उडालाय तिचा. मी दारातून आत आले तरी विचारते, 'तू माझीच ना गं?' दूधवाल्याला विचारते, 'तू कालचाच का?' डॉक्टर म्हणतात वयामुळे होतं. महिन्यापूर्वी सुईत दोरा ओवत होती हो ती!"

तो काच पुसत होता. तडकलेली काढली, नवी मापानं कापली, पाठीमागचा पुठ्ठा बसवला, बारीक खिळे मारले. कागदात नीट गुंडाळून तिच्या हातात दिली. ती उठली, पायरी उतरली.

"ताई, थांबा जरा."

ती वळली.

"तो भलता माणूस मी आहे."

मग त्यानं सगळं सांगितलं. स्टुलावर बसून राहिलेली मावशी, ओळखपत्र, रांग, मान. ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती, संताप होता.

"इतके दिवस तोंडाला कुलूप लावून बसलात? ती तिकडे रोज मरतेय, आणि तुम्ही इथं फ्रेमा ठोकताय?"

"चुकलं माझं."

"मला सांगून काय उपयोग? मी घरी जाऊन सांगितलं तर म्हणेल, लेक समजूत घालतेय. जिथं तिला खोटं पाडलं तिथं जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान उघडलंच नाही. त्याच साहेबांकडे गेला. साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"तेव्हा का बोलला नाहीत?"

"बोलू नका म्हणाला होतात."

"म्हणालो होतो खरं," ते म्हणाले. "रांगेतल्या माणसानं साक्षीदाराला ओळखलं तर काय करायचं, हे मी सांगायला हवं होतं. ते माझ्याकडून राहिलं." त्यांनी जबाब घेतला. परेड पुन्हा घेता येईल का, असं त्यानं विचारलं. साहेबांनी मान हलवली. एकदा चेहरे दाखवून झाले, आता त्याला अर्थ नव्हता.

सरकारी वकीलबाई जास्त कामात होत्या, पण सरळ बोलल्या. "तुमच्या साक्षीनं त्याला शिक्षा होईलच असं नाही. मी खोटी आशा दाखवत नाही. पण आजींनी चूक का केली, ते कोर्टासमोर येईल. आणि एक लक्षात ठेवा, तुम्ही दोघंही साक्षीदार. साक्षी होईपर्यंत त्यांना भेटायचं नाही, बोलायचं नाही. लेकीकरवीसुद्धा नाही. भेटलात तर दुसरा वकील म्हणेल, पढवलं."

म्हणजे जे तिला सांगायचं होतं ते सांगायला एकच जागा उरली होती, आणि तिथं बोलावणं आल्याशिवाय जाता येत नव्हतं.

घरी बायकोनं आदळआपट केली नाही. तिनं फक्त पुढच्या दाराला आणखी एक कडी लावून घेतली.

बोलावणं आलं. समन्स घेऊन तोच हवालदार आला. तारखेला फ्रेमवाला सकाळीच जाऊन कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर बसला. संध्याकाळी कळलं, आरोपीचे वकील आजारी आहेत, पुढची तारीख. पुढच्या तारखेला न्यायाधीश रजेवर. त्याच्या पुढच्या तारखेला आरोपीला आणायला गाडीच मिळाली नाही. प्रत्येक वेळी दुकान बंद, प्रत्येक वेळी गिऱ्हाइकांची बोलणी. "शिडीराव, तुम्ही नोकरीला लागलात की काय कोर्टात?" औषधवाला विचारायचा. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ती माय-लेक बसलेली दिसायची. आई भिंतीकडे पाहत असायची. येणाऱ्याजाणाऱ्याकडे मान वर करून पाहणं तिनं सोडूनच दिलं होतं. तिच्यापर्यंत जेमतेम वीस पावलं असतील, पण ती चालून जायची मुभा नव्हती.

मधल्या काळात एक माणूस दुकानात आला. तोही उंच. आरसा फ्रेम करून हवा होता त्याला. फ्रेमवाल्यानं आरसा टेबलावर उभा धरला तेव्हा तो मागे येऊन उभा राहिला, दोघांचे चेहरे आरशात एकाखाली एक.

"माझ्या भावासारखेच दिसता हो तुम्ही," तो म्हणाला. "त्याला आत ठेवलंय. तुम्ही बाहेर आहात. नशीब एकेकाचं." आरसा तिथंच टाकून तो निघून गेला.

त्याच आठवड्यात एका सकाळी शटर उघडलेलं होतं आणि भिंतीला टेकवलेल्या काचांपैकी एकही धड राहिली नव्हती. काहीही चोरीला गेलं नव्हतं. जागेचा मालक आला. चपलेनं काचा बाजूला सारत उभा राहिला आणि म्हणाला, "तुमच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण वर कुटुंबं राहतात. महिनाअखेर जागा मोकळी करा." बायको झाडू घेऊन आली. दोघांनी मिळून काचा भरल्या. पोतं बांधताना ती म्हणाली, "आता नाही गेलात तर हे सगळं फुकट फुटलं." तिनं दिलेली परवानगी ती एवढीच.

अखेर साक्ष झाली. आधी आजींची. आरोपीच्या पिंजऱ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "हा होता." आरोपीच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, "आजी, मागे तुम्ही दुसऱ्याच माणसाला हात लावला होता ना? तेव्हाही खात्री होती?" त्या म्हणाल्या, "होती." "आणि आताही आहे?" त्या रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "माझं काही खरं नाही," असं काहीतरी पुटपुटल्या. मग त्यांना मागच्या बाकावर नेऊन बसवलं.

मग त्याची हाक झाली. साक्षीदाराचा पिंजरा कमी उंचीच्या माणसांसाठी केलेला. कठडा त्याच्या मांड्यांपर्यंतच येत होता, हात कुठे ठेवावेत कळेना. वकीलबाईंनी विचारलं तसं त्यानं सांगितलं. मग आरोपीचा वकील उठला.

"म्हणजे साहेबांची सूचना मोडून तुम्ही साक्षीदाराला खूण केलीत?"

"हो. मान हलली माझी."

"का?"

"गिऱ्हाईक आलं की हलते."

मागे कुणीतरी हसलं. वकीलही हसला. "इतकी गिऱ्हाइकं येतात तुमच्याकडे. या बाईच बऱ्या लक्षात राहिल्या?"

"बाकीचे फोटो देऊन जातात आणि तयार झाल्यावर येतात," तो म्हणाला. "या गेल्या नाहीत. दुपारभर माझ्यासमोर बसल्या. दुसरं कुणी नव्हतंच दुकानात. त्या दिवसांत त्यांनी एवढा वेळ कुणाचाच चेहरा पाहिला नसेल. त्यांनी मला पाहिलंय म्हणून सांगितलं, ते खरंच होतं. त्या चुकल्या नाहीत. मी तिथं उभा राहायला नको होतो."

हे सांगताना त्यानं न्यायाधीशांकडे पाहायला हवं होतं. तो मागच्या बाकाकडे पाहत होता. आजींचा एक हात कानामागे होता.

बाहेर व्हरांड्यात आता बोलायला आडकाठी नव्हती. लेकीनं त्याला बाकावर बसवलं, म्हणजे आईला मान वर करावी लागू नये. आजींनी त्याच्याकडे पाहिलं. पाहतच राहिल्या.

"कानामागे पेन्सिल होती तुझ्या," त्या म्हणाल्या.

"होती मावशी."

"आधी काच नीट पुसली नव्हतीस. मी म्हटलं पुन्हा पूस."

"पुन्हा पुसली."

"अंगठ्याला चिंधी बांधली होतीस. उजव्या."

"कापला होता."

"मधेच वरून पाणी गळायला लागलं तर तू फोटोवर आधी हात धरलास, मग बादली आणलीस."

हे त्याला स्वतःलाच आठवत नव्हतं. पण वरच्या मजल्यावरचं पाणी गळायचं, एवढं खरं. "असेल मावशी."

"असेल नाही. धरलास." आवाज चढला होता त्यांचा. मग त्या लेकीकडे वळल्या. "बघ. सगळं दिसतंय मला. मग तोही मी बरोबरच पाहिला होता." लेकीनं मान हलवली. "ह्याला चहा पाज गं," त्या म्हणाल्या, आणि रुमालात तोंड घालून रडल्या. लेक सांगत होती की भाऊ गेल्यापासून त्या पहिल्यांदाच रडत होत्या.

निकाल लागला तेव्हा आरोपी सुटला. संशयाचा फायदा. तो भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून निघून गेला. आजी आणि लेक जिना उतरत होत्या, आजी प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. त्यांनी फ्रेमवाल्याकडे पाहून मान हलवली. त्यानंही हलवली. आता त्याला कुणाची मनाई नव्हती.

फाटकाशी तो हवालदार उभा होता. फ्रेमवाला त्याच्यापाशी गेला.

"तुमचे आभार मानायचे राहिले होते."

"कशाचे? तुम्हाला रांगेत नेऊन उभं केलं त्याचे?"

"ते नका काढू. समन्स आणून दिलंत त्याचे."

हवालदारानं टोपी काढून डोकं खाजवलं. "एवढी वर्षं समन्स वाटतोय, शिव्या खाल्ल्या, कुत्री अंगावर सोडली लोकांनी. आभार मानणारे तुम्ही पहिले. डोकं ठिकाणावर आहे ना?"

"असेल," तो म्हणाला. त्याला नीट सांगता आलं नाही. बायकोला मात्र त्यानं घरी येऊन सांगितलं आणि तिनं ते पुढे जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला होता, "मी केलेलं मला पुसता आलं नाही. पण हे चारचौघांत, तिच्या कानावर पडेल असं सांगायला मला एक जागा मिळाली. बोलावलं नसतं तर दुकान फुटल्यावर मी आपणहून कोर्टात गेलो असतो, असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. म्हणून बोलावलं ते बरं झालं."

"जागा मिळाली म्हणे," बायको हे सांगताना म्हणाली, "आणि होती ती गेली." पण बोलताना मांडीवरच्या पोराला थोपटायचं ती थांबली नाही.

दुकान फुटल्यावर पाळणाघरातली निम्मी पोरं गेली, ती परत आली नाहीत. फ्रेमचं दुकान पुन्हा कुठे निघालं नाही. हल्ली तो गावाबाहेरच्या एका काचेच्या वखारीत कामाला आहे. खिडक्यांची तावदानं कापतो आणि दुपारचा डबा उभ्यानंच खातो, कारण तिथली बाकं त्याच्या पायांना फार बुटकी पडतात.